औषधनामांतील सादृश्य आणि रुग्णसुरक्षा : एक भाषाशास्त्रीय विचार

जठरातील आम्लाचे प्रमाण कमी करणारे ओमेप्रॅझोल हे औषध अमेरिकेत १९८९ साली मान्यता पावून विक्रीस आले, तेव्हा त्याचे व्यापारनाम 'लोसेक' असे होते. दुसऱ्याच वर्षी ते बदलून 'प्रायलोसेक' करणे भाग पडले. कारण असे की, फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधाचे 'लॅसिक्स' हे व्यापारनाम तेथे आधीपासूनच रूढ होते आणि वैद्यांच्या धावत्या हस्ताक्षरात ही दोन नावे एकमेकांच्या जागी वाचली जाऊ लागली होती. दोन्ही नावे रोमन लिपीत पाच वर्णांची. पहिला व तिसरा वर्ण दोहोंत एकच. उरलेल्या तीन ठिकाणी 'ओ'च्या जागी 'ए', 'ई'च्या जागी 'आय' आणि 'सी'च्या जागी 'एक्स'. जोडाक्षरी रोमन लेखनात या तिन्ही जोड्यांमधील भेद किती क्षीण होतो, हे कोणतीही जुनी औषधचिठ्ठी पाहिली असता ध्यानात येते. भरीस भर म्हणजे वीस मिलिग्रॅम ही मात्राही दोन्ही औषधांत आढळणारी होती. त्यामुळे नाव वाचताना झालेली चूक मात्रेच्या आकड्यावरून उघडकीस येण्याचा मार्गही बंद झाला होता. ज्याला आम्लपित्ताचे औषध हवे त्याला शरीरातील जल व क्षार बाहेर टाकणारे औषध मिळावे, हा केवळ वाचनदोष राहत नाही. नव्या नामकरणानेही प्रश्न निकालात निघाला नाही. 'प्रायलोसेक' हे नाव पुढे मानसोपचारातील 'प्रोझॅक' या नावाशी घोटाळणाऱ्या जोड्यांच्या यादीत जाऊन बसले.

रुग्णसुरक्षा हा विषय सामान्यतः वैद्यकशास्त्राचा, व्यवस्थापनाचा आणि अलीकडे संगणकशास्त्राचा मानला जातो. त्यात भाषेच्या अभ्यासकाला स्थान काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर वरील उदाहरणातच आहे. औषध रुग्णापर्यंत पोहोचते ते नावाच्या रूपाने. वैद्याच्या मनातील नाव कागदावर किंवा पडद्यावर उतरते, औषधविक्रेता वा परिचारिका ते वाचते वा ऐकते, आणि त्यानंतरच कपाटातील कुपीला हात लागतो. या साखळीतील प्रत्येक दुवा हा भाषिक व्यवहार आहे. तो कोठे व का तुटतो याचा शोध गेल्या तीन-चार दशकांत संशोधनाच्या रीतीने घेतला गेला असून त्यातील काही महत्त्वाची साधने भाषाशास्त्राच्याच कोठारातून उचललेली आहेत. हे आपल्याकडील भाषाभ्यासकांच्या फारसे लक्षात आलेले दिसत नाही.

प्रथम प्रश्नाची व्याप्ती. न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांमधील १९८४ सालच्या ३०,१२१ रुग्णनोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनी १९९१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा पोहोचली होती आणि अशा इजांमध्ये औषधजन्य इजांचा वर्ग सर्वांत मोठा होता. या व अशाच आणखी एका पाहणीच्या आधारे अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने १९९९ साली जो अहवाल काढला, त्यात उपचारांतील चुकांनी त्या देशात दर वर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत असा अंदाज मांडला होता. या आकड्यांच्या पद्धतीविषयी पुष्कळ वाद झाले आणि त्यांतील काही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. तथापि अहवालाचा खरा परिणाम आकड्यांहून वेगळा होता. चूक ही व्यक्तीच्या हलगर्जीपणापेक्षा व्यवस्थेच्या रचनेतून उद्भवते, म्हणून दोषी माणूस शोधण्याऐवजी चुकीची वाट शोधावी, हा विचार त्याने वैद्यकीय जगात रूढ केला. भाषाशास्त्राला हा विचार नवा नव्हे. उच्चारातील स्खलने व श्रवणातील भ्रम यांना नियम असतात, ती यदृच्छेने घडत नाहीत, हे त्याने पूर्वीच गृहीत धरलेले आहे.

हस्ताक्षराचा दोष हस्ताक्षरच काढून टाकले म्हणजे जाईल, ही पहिली स्वाभाविक कल्पना. वैद्याने औषधाची आज्ञा थेट संगणकावर नोंदवावी, अशी व्यवस्था बॉस्टन येथील ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात उभारण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचे फळ मोजलेले आहे. दर हजार रुग्णदिवसांमागे गंभीर औषधचुकांचे प्रमाण १०.७ वरून ४.८६ वर, म्हणजे निम्म्याहूनही खाली आले. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी व औषधाचे वेष्टन या दोहोंवरील रेषासंकेत यंत्राने पडताळून मगच औषध द्यावयाचे, ही दुसरी व्यवस्था. तिच्याविषयी त्याच रुग्णालयातील २०१० सालच्या अभ्यासात औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका वगळता, ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. ही दोन्ही फळे लक्षणीय आहेत, आणि आरोग्य-माहिती तंत्रज्ञानाविषयी जो उत्साह निर्माण झाला तो निराधार नव्हता.

परंतु यंत्र आले म्हणजे भाषा जाते असे नाही. ती फक्त दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील रॉस कॉपेल या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला २००५ सालचा अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. संगणकीय औषधादेशाच्या एका प्रचलित व्यवस्थेत चुकांना वाट करून देणारे २२ प्रकार त्यांनी नोंदविले. त्यांपैकी एक भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. पडद्यावर औषधापुढे जे आकडे दिसत, ते रुग्णालयाच्या भांडारात त्या औषधाच्या ज्या मापाच्या गोळ्या असत त्यांचे होते. वैद्य मात्र त्या आकड्यांचा अर्थ नेहमीची वा किमान योग्य मात्रा असा घेत. येथे कोणताही शब्द चुकीचा नव्हता, अंकही खरा होता. बिघडला तो संदर्भाने सूचित होणारा अर्थ. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने जे विधान साठ्याविषयी होते, ते वाचणाऱ्याने उपचाराविषयीचे मानले. संकेतार्थ आणि विवक्षितार्थ यांतील हे अंतर आपल्या शब्दशक्तिविचाराला अपरिचित नाही. ते रुग्णालयाच्या पडद्यावर भेटावे हे मात्र नवे आहे.

त्याच वर्षी पिट्सबर्ग येथील एका बालरुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे संगणकीय व्यवस्था सुरू केल्यानंतर बाहेरून हलविलेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे त्यात नमूद आहे. रुग्ण प्रत्यक्ष येऊन त्याची नोंद होईपर्यंत आज्ञा लिहिताच येत नसे, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. पूर्वी वाटेवर असलेल्या मुलासाठी तोंडी बोलूनच सिद्धता करून ठेवीत. यानंतर पाच वर्षांनी स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयातून उलट निष्कर्ष आला. तेथे मृत्यूचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी घटले होते. तेव्हा तंत्रज्ञान तारक की मारक, असा सरळ प्रश्न विचारणेच अप्रस्तुत ठरते. व्यवस्थेच्या उभारणीत जुन्या भाषिक व्यवहारातील कोणती कामे कळत-नकळत सुटून गेली, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

औषधनामाच्या बाबतीत या स्थलांतराचे अत्यंत विदारक उदाहरण २०१७ सालच्या डिसेंबरात टेनेसी राज्यातील एका रुग्णालयात घडले. रुग्णाला चिंताशामक म्हणून 'व्हर्सेड' द्यावयाचे होते. 'व्हर्सेड' हे मिडॅझोलॅम या औषधाचे व्यापारनाम. औषधे देणाऱ्या यांत्रिक कपाटात परिचारिकेने नावाची पहिली दोन रोमन अक्षरे दाबली. कपाटाचा शोध त्या वेळी वर्गीय नावांनुसार चालत होता. साहजिकच 'व्हर्सेड' सापडले नाही. बंधन ओलांडण्याची मुभा वापरल्यावर त्याच दोन अक्षरांनी आरंभ होणारे 'व्हेक्युरोनियम' पुढे आले. हे औषध स्नायूंना, आणि श्वसनाच्या स्नायूंनाही, लुळे पाडणारे आहे. रुग्ण दगावला. २०२२ साली न्यायालयाने त्या परिचारिकेस दोषी ठरविले व तीन वर्षांची परिवीक्षा दिली. तिच्याकडून इतरही अनेक सूचना दुर्लक्षिल्या गेल्या होत्या, हे खटल्यात पुढे आले आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तरी व्यवस्थेच्या बाजूने पाहता दिसते ते असे : एका वस्तूला दोन नावे, वापरणाऱ्याच्या मुखात एक आणि यंत्राच्या कोशात दुसरे, आणि त्या कोशात शब्द शोधण्यासाठी दोन अक्षरे पुरेशी मानलेली. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी झटणाऱ्या तेथील संस्थेने अशा कपाटांत निदान पाच अक्षरे टंकल्याखेरीज नाव दिसू नये, अशी शिफारस केली आहे. कोशकाराला हा नियम सहज पटेल. दोन अक्षरांवर शब्दकोशाची कित्येक पाने उघडी राहतात. पाच अक्षरांवर बहुधा काही ओळीच उरतात.

आता नावांच्या घडणीकडे वळू. औषधांच्या वर्गीय नावांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५० सालच्या ठरावाने सुरू झाली व अशा नावांची पहिली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. या व्यवस्थेची दोन तत्त्वे आहेत. नाव उच्चारात व लेखनात इतरांहून स्पष्टपणे भिन्न असावे, हे पहिले. एका गुणधर्माच्या औषधांच्या नावांत एकच समान अवयव असावा, हे दुसरे. म्हणून 'ओलॉल'ने संपणारी नावे हृदयाची गती मंद करणाऱ्या एका वर्गाची, 'प्रिल'ने संपणारी रक्तदाबावरील दुसऱ्या वर्गाची, 'सिलिन'ने संपणारी पेनिसिलिनच्या कुळातील. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे कृत्रिम पण अत्यंत नियमित प्रत्यय होत. परंतु दोन्ही तत्त्वे एकमेकांच्या विरुद्ध ओढ घेतात. प्रत्ययामुळे अर्थ कळतो आणि प्रत्ययामुळेच नावे सारखी होतात. कुळ सांगणारा अवयव जितका लांब, तितका व्यक्ती सांगणारा अवयव आखूड. नैसर्गिक भाषेतही रूपसाधनेची ही किंमत मोजावी लागते, परंतु तेथे वाक्याचा संदर्भ साहाय्यास येतो. औषधचिठ्ठीत वाक्य नसते.

या व्यवस्थेतील लेखनविषयक सूचना वाचताना तर ध्वनिशास्त्राचे पुस्तक उघडल्याचा भास होतो. 'पी' व 'एच' या जोडीऐवजी 'एफ', 'टी' व 'एच' ऐवजी केवळ 'टी', 'वाय' ऐवजी 'आय' वापरावा. 'एच' आणि 'के' हे वर्ण शक्यतो टाळावेत. भिन्नभाषी लोकांना एकच नाव एकाच रीतीने लिहिता यावे हा त्यामागील हेतू. महाप्राण व्यंजनांना स्वतंत्र स्वनिमांचा दर्जा असलेल्या मराठीसारख्या भाषेचा विचार करून हे नियम झालेले नाहीत, हे उघड आहे. तरी त्यांचा लाभ मराठी भाषकालाही होतो, कारण 'थ' की 'ट' हा संशय मुळातच उद्भवत नाही.

व्यापारनामे या शिस्तीबाहेरची. ती निर्मात्याने घडविलेली, मनात ठसावीत आणि कायद्याने राखता यावीत म्हणून रचलेली. त्यांच्यातील सादृश्य मोजावयाचे कसे? येथे भाषाशास्त्र व गणित यांची भेट होते. एका वर्णावलीतून दुसरी मिळविण्यासाठी किमान किती वर्ण बदलावे, घालावे वा गाळावे लागतात, ही संख्या म्हणजे त्या दोहोंमधील संपादन-अंतर. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली ही कल्पना मांडली, ती तारसंदेशातील दोषांच्या संदर्भात. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेतील ब्रूस लँबर्ट यांनी १९९७ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे अंतर, तसेच दोन-दोन वा तीन-तीन लगतच्या वर्णांच्या गटांची तुलना, औषधनामांना लावून पाहिली आणि प्रत्यक्षात घोटाळलेल्या जोड्या इतर जोड्यांपासून या मापांनी बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात असे दाखविले. 'लोसेक' व 'लॅसिक्स' यांच्यावर मात्र हे माप कमी पडते. पाचांपैकी तीन वर्ण भिन्न, म्हणजे सादृश्य केवळ ४० टक्के. साध्या मोजणीला 'ओ' व 'ए' यांतील भेद आणि 'ओ' व 'के' यांतील भेद सारखाच. हस्ताक्षराला तसे नसते, आणि कानालाही नसते.

कानाची उणीव भरून निघाली ती अनपेक्षित दिशेने. ग्रझेगॉर्झ कोंड्राक यांनी २००० साली वर्णतुलनेची एक पद्धती सिद्ध केली होती. तिचा हेतू ऐतिहासिक भाषाशास्त्राचा. भगिनीभाषांमधील सजातीय शब्द शोधून त्यांचे ध्वनी एकमेकांसमोर मांडणे. दोन ध्वनी समान की असमान एवढेच न पाहता उच्चारस्थान, प्रयत्न, घोषत्व इत्यादी गुणांनुसार ते किती निकट आहेत हे ती तोलते. संस्कृत 'पितृ' आणि लॅटिन 'पातेर' यांचे नाते उलगडणारी तुलना ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर दोन औषधांच्या नावांतील धोका मोजता येईल, हे कोंड्राक आणि बॉनी डॉर यांनी २००४ साली दाखविले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या व्यापारनामांच्या तपासणीसाठी जी संगणकीय प्रणाली अंगीकारली, तिच्यात ही पद्धती व लिखित रूपासाठी तिची एक सोबतीण अशा दोन्ही आहेत. लेखन व उच्चार यांचे एकत्रित सादृश्य ७० टक्के वा अधिक भरले तर ती जोडी अतिसदृश समजली जाते. २०१६ साली 'ब्रिंटेलिक्स' या नैराश्यावरील औषधाचे नाव, रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या 'ब्रिलिंटा'शी घोटाळा होऊ लागल्यामुळे, 'ट्रिंटेलिक्स' करण्यात आले. म्हणजे तपासणी असूनही काही जोड्या निसटतातच. परंतु जे नाव बाजारात येण्यापूर्वीच अडले त्याची वार्ता होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

भारतात हा प्रश्न मुख्यत्वे न्यायालयांपुढे आला, आणि तोही व्यापारचिन्हांच्या कायद्याच्या वाटेने. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय शेजारी ठेवून वाचले असता एक उद्बोधक विसंगती समोर येते. १९६२ साली 'अमृतधारा' व 'लक्ष्मणधारा' या दोन औषधनामांविषयीच्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक नावाचे तुकडे पाडून व्युत्पत्ती पाहत बसत नाही; त्याच्या मनावर नावाच्या एकूण घडणीचा व ध्वनीचा ठसा उमटतो; म्हणून ही नावे फसवणूक होण्याइतकी सदृश आहेत. (दुसऱ्या पक्षाच्या दीर्घकालीन उघड वापरास पहिल्याने हरकत घेतली नव्हती, म्हणून नोंदणी उत्तर प्रदेशापुरती कायम राहिली, ही गोष्ट निराळी.) १९६९ साली मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या अपिलात 'प्रोटोव्हिट' व 'ड्रोपोव्हिट' ही नावे मात्र फसवी सदृश नाहीत असे ठरले. 'व्हिट' हा अंत्य अवयव जीवनसत्त्वांच्या व्यापारात सर्वसामान्य असल्याने त्याला वजन कमी द्यावे, असा तेथील एक विचार होता. २००१ साली 'फाल्सिगो' व 'फाल्सिटॅब' या हिवतापावरील औषधांच्या वादात न्यायालयाने अंतिम निवाडा खालच्या न्यायालयावर सोपविला, पण तत्त्व घालून दिले ते असे की, औषधांच्या बाबतीत सादृश्याची कसोटी इतर मालापेक्षा अधिक कठोर असली पाहिजे. वैद्य व औषधविक्रेतेही चुकीपासून मुक्त नसतात, आणि ज्या देशात एक समान भाषा नाही तेथे ध्वनिसादृश्याचा धोका अधिक, हीही त्याची कारणे.

आता याच तीन जोड्या संपादन-अंतराने मोजून पाहाव्यात. रोमन लेखनात 'प्रोटोव्हिट' व 'ड्रोपोव्हिट' ही आठ-आठ वर्णांची नावे. त्यांत पहिला व चौथा एवढेच दोन वर्ण भिन्न. सादृश्य ७५ टक्के. 'फाल्सिगो' व 'फाल्सिटॅब' यांत अंतर तीन, मोठे नाव आठ वर्णांचे. सादृश्य ६२ टक्क्यांच्या किंचित वर. 'अमृतधारा' व 'लक्ष्मणधारा' यांत अंतर सात, मोठे नाव तेरा वर्णांचे. सादृश्य सुमारे ४६ टक्के. यंत्राला जी जोडी सर्वांत सदृश वाटली ती न्यायालयाला सदृश वाटली नाही, आणि यंत्राला जी सर्वांत दूरची वाटली तीच न्यायालयाला फसवी वाटली. यावरून दोहोंपैकी एक चुकले असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. खरा भेद समान अवयवाला किती भार द्यावयाचा यात आहे. 'व्हिट' वगळल्यास पहिली जोडी ६० टक्क्यांवर येते. 'फाल्सि' वगळल्यास दुसरीत काहीच उरत नाही. 'धारा' वगळल्यास तिसरीही जवळजवळ शून्यावर उतरते. 'अमृतधारा'च्या वेळी न्यायालयाने असे वगळणेच नाकारले. 'धारा' हा अवयव ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नावाचा प्राण होता. 'व्हिट' ही जणू विभक्तीची खूण. कोणता अवयव शब्दाचा गाभा आणि कोणता नुसता प्रत्यय, हे भाषकाचे ज्ञान वर्ण मोजणाऱ्या यंत्राजवळ नसते. शिवाय 'प्रोटो' व 'ड्रोपो' या दोन्ही आरंभांत स्पर्श व रेफ यांचे संयुक्त व्यंजन, मग तोच स्वर, पुन्हा स्पर्श, पुन्हा तोच स्वर अशी एकच चाल आहे. ध्वनिगुणांनुसार तोलणाऱ्या पद्धतीला ही जोडी साध्या मोजणीहूनही अधिक निकट वाटेल. रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने १९६९ सालचा निर्णय आज पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे, असे म्हणावयास हरकत नसावी. जीवनसत्त्वांच्या बाबतीत चूक फारशी महाग पडत नाही, एवढाच काय तो दिलासा.

२०१९ साली औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीने आपले व्यापारनाम प्रचलित नावांशी घोटाळा करणारे नाही, असे प्रतिज्ञापत्र निर्मात्याने द्यावयाचे झाले. २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची वर्गीय नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत असा नियम केला होता. मोठ्या अक्षरांनी वर्ण सुटे होतात हा लाभ खरा. पण वर-खाली जाणाऱ्या दांड्यांमुळे शब्दाला येणारा विशिष्ट आकार त्यामुळे नाहीसा होतो, हेही खरे. याच्याच उलट युक्ती अमेरिकेत २००१ पासून प्रचारात आली. सदृश नावांमधील केवळ भिन्न भाग मोठ्या अक्षरांत छापावयाचा, बाकीचा लहान. उदाहरणार्थ 'हायड्रॅलझीन' व 'हायड्रॉक्सिझीन' यांतील मधला तुकडा उठून दिसतो. नेत्रगती टिपून केलेल्या प्रयोगांत या युक्तीने चुका कमी होतात असे दिसले. परंतु बेचाळीस बालरुग्णालयांतील नऊ वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१६ सालच्या अभ्यासात प्रत्यक्ष चुकांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोगशाळेतील वाचक नाव वाचत असतो. रुग्णालयातील वाचक बहुधा आपल्याला अपेक्षित असलेले नाव पाहत असतो.

ही युक्ती देवनागरीत शक्य नाही, कारण आपल्या लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या मराठी सूचनांना यामुळे वेगळी साधने लागतील. तेथील संकटेही वेगळी आहेत. 'ध' व 'घ', 'भ' व 'म' या जोड्यांतील भेद हस्तलेखनात शिरोरेषेच्या एका खंडावर टिकून असतो. अंकांची अडचण अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात देवनागरी व आंतरराष्ट्रीय असे दोन्ही अंक एकाच वेळी चालतात. देवनागरी १ हा दुसऱ्या संप्रदायातील नवासारखा आणि देवनागरी ४ हा आठासारखा दिसतो. एकाच कागदावर दोन्ही आले म्हणजे वाचणाऱ्याने कोणता संप्रदाय धरावयाचा? अमेरिकेत २००४ पासून रुग्णालयांना काही संक्षेप वर्ज्य केलेले आहेत. एककासाठीचा 'यू', कारण तो शून्य वाटतो. पूर्णांकानंतरचे दशांशचिन्ह व शून्य, कारण चिन्ह पुसट झाले की एकाचे दहा होतात. आपल्याकडील सकाळ-दुपार-रात्रीसाठीची '१-०-१' ही स्थानमूल्याची पद्धत मात्र मोठी सोयीची आहे. ती कोणत्याही भाषेची नाही आणि म्हणूनच सर्व भाषांची आहे. उलट दिवसातून एकदा या अर्थाने लिहिला जाणारा 'ओडी' हा संक्षेप नेत्रचिकित्सेत लॅटिनवरून उजव्या डोळ्याचा वाचक होतो.

यंत्राने दिलेल्या इशाऱ्यांचे भवितव्यही भाषिकच आहे. संगणकीय औषधादेशातील धोक्याच्या सूचना वैद्य ४९ ते ९६ टक्के प्रसंगी ओलांडून पुढे जातात, असे विविध अभ्यासांचा आढावा घेताना २००६ साली आढळले. जे चिन्ह प्रत्येक वाक्यापुढे येते ते काहीच सांगत नाही.

श्रवणाच्या बाजूचे संशोधन त्या मानाने थोडे आहे. लँबर्ट व सहकाऱ्यांनी २०१० साली गोंगाटात उच्चारलेली औषधनामे ऐकवून चाचणी घेतली, तेव्हा परिचित नावे अधिक अचूक ओळखली गेली व सदृश शेजारी असलेल्या नावांत चुका वाढल्या. प्रत्येक शब्द मनातील कोशात आपल्या शेजाऱ्यांशी स्पर्धा करूनच ओळखला जातो, या सिद्धान्ताशी हे जुळते. यातून निघणारी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची : शेजारी कोण, हे ऐकणाऱ्याच्या भाषेवर अवलंबून असते. इंग्रजी स्वनिमांवरून ठरविलेले भार मराठी कानाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. इंग्रजीतील 'व्ही' व 'डब्ल्यू' यांचे भिन्न ध्वनी मराठी भाषकाच्या मुखी बहुधा एका 'व'मध्ये मिळून जातात; उलट अल्पप्राण-महाप्राण आणि दन्त्य-मूर्धन्य हे आपण सहज राखलेले भेद त्या मापात क्षुल्लक ठरतात. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात असलेल्या राष्ट्रीय संसाधन केंद्राने भारतातील औषधांसाठी समान संकेतांक सिद्ध केले आहेत. एका वस्तूच्या अनेक नावांमुळे उद्भवणारा 'व्हर्सेड'सारखा घोटाळा अशा संकेतांकांनी आटोक्यात येऊ शकतो. दोन वस्तूंच्या सदृश नावांचा घोटाळा मात्र नावांच्या रूपातच शोधावा लागतो. त्यासाठी मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ अशा एकेका भाषेच्या स्वनव्यवस्थेनुसार भार ठरवून जोड्या नव्याने मोजणे हे काम पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. आरंभ कोठूनही करता येईल. रॅनिटिडीनचे 'झॅन्टॅक' आणि अल्प्राझोलॅमचे 'झॅनॅक्स' ही दोन नावे रोमन लिपीत निरनिराळ्या वर्णांनी सुरू होतात आणि वर्णानुक्रमाच्या यादीत त्यांच्यामध्ये 'वाय'चे सगळे दालन असते. तीच नावे देवनागरी कोशक्रमाने लावली, तर दोन्ही 'झ'च्या एकाच पानावर लागोपाठ येतात.